सातवा रकाना

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

सूनबाई पुण्यावरनं कागदांचा गठ्ठा घिऊन आली. ऐंशी कागद. आडव्या-उभ्या रेघा, बारीक चौकोन, एका कागदावर पंचवीस ओळी. एका चौकोनात एकच आकडा, शेपूट बाहेर गेलेलं चालत न्हाय. पयला कागद भरायला तिनं अर्धा तास घेतला, त्यात दोनदा खोडलं. मला बघवंना. दे हिकडं म्हनलं. एकतीस वर्सं होटगी टेसनाच्या सिग्नल केबिनमदी बसून गाड्यांचं रजिस्टर लिवलं. माझा पाच आजवर कुनी तीन म्हनून वाचला न्हाय.

मामा, दोन हजार ओळी आहेत, म्हनली. असू देत. रिटायर मानसाला दुसरं काय काम हाय! हितं सोलापुरात, शुक्रवार पेठेच्या बोळात बसून सायकली मोजायच्या?

सहा रकाने भरायचे. सातवा सोडा म्हनली. बरं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

हे सगळं कशापायी ते आज नीट इचारून घेतलं. इचारल्याबिगर मी काम करत न्हाय.

दाक्षायणी — आमची सून — हितल्या कॉलेजात फिजिक्स शिकवती. नोकरी तात्पुरती. ती आता एम. फिल. करती, म्हंजी येक जाडजूड निबंध लिवायचा. तो पुण्याच्या सरांनी पास केला की जूनपास्नं नोकरी कायम. न्हाय केला तर राजीनामा, आन वाडीला एकनाथकडं जायचं. एकनाथ माझा ल्योक, वाडी जंक्शनला मालधक्क्यात क्लार्क. लगीन होऊन दोन वर्सं झाली, तो तितं, ही हितं. ही अट दिवाळीत मीच घातली. मार्चअखेरपत्तूर काय ते दाखव. जास्त घोळ नको.

आता निबंधातली गोष्ट. विजेचा कन असतो, इलेक्ट्रॉन. धूळ त्याच्यापुढं डोंगर. तसले कन बंदुकीतनं सोडायचे, एका वेळी एकच. म्होरं भिंत, भिंतीत दोन फटी. ती त्यांना दारं म्हनती. भिंतीपल्याड पडदा. कन पडद्यावर आदळला की तितं ठिपका.

मी म्हनलं, मग दोन दारांसमोर दोन ढीग होतील. ती म्हनली, नाही. पट्टे होतात. एक उजळ, एक काळा, परत उजळ, परत काळा. एक दार बंद केलं तर पट्टे न्हायत. दोन्ही उघडी असली की पट्टे. आन कन तर एकेकटाच जातो, धक्का द्यायला शेजारी कुनी नसतं.

मग तो जातो कुठल्या दारातनं?

"दोन्हीतनं म्हणावं लागतं, मामा."

एक गाडी, दोन लायनी, एकाच टायमाला! आमच्या रेल्वेत त्याला अपघात म्हनत्यात, आन चौकशी बसती.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

तशी बंदूक सोलापुरात न्हाय, पुण्यात बी न्हाय. म्हनून कंप्युटरमदी खोटे-खोटे कन सोडायचे. मी म्हनलं, म्हंजी नाटक. ती म्हनली, तालीम म्हणा.

आकडे कुटनं घ्यायचे? तिनं कॉलेजच्या लायब्ररीतनं येक पुस्तक आनलंय. पानभर नुसते आकडे. ना बेरीज, ना तारीख, ना गाडी नंबर. मुद्दाम गोंधळ करून छापलंय. हरेक कनासाठी त्यातले पाच आकडे; पयल्या रकान्यात ओळीचा नंबर, बाकीच्या पाचात हे. चिठ्ठी उचलल्यासारखं. कन कुटं पडंल ते त्या चिठ्ठीवर आन तिच्या गनितावर.

चार पानं उतरवली. म्होरचा आकडा वळखू येतो का बघतोय. न्हाय येत. एकदा बी न्हाय.

शेजारचा चन्नप्पा आला — माझ्यासंगं नोकरीत गार्ड होता. पुस्तक बघितलं, दार लोटून घेतलं आन हळूच इचारलं, ओपन काय येनार? त्याला वाटलं मी मटक्याचा चार्ट घिऊन बसलोय! सांगितलं, सून शिकवती त्यातलं हाय. म्हनला, मास्तरनी झाली म्हनून काय झालं, आकडा तर आकडाच. सोनाबाई — आमची मंडळी — चुलीपास्नं म्हनली, आता म्हातारपनी पोलीस तेवढे यायचे राहिलेत दारात.

१८ फेब्रुवारी, शनिवार

हजार ओळी झाल्या.

एकनाथचं कार्ड. खानावळीच्या जेवनानं पोट बिघडलंय. खाली येकच ओळ: दाक्षायणीचं कधी? सोनाबाईनं मला दोनदा वाचायला लावलं. बाईनं नवऱ्याजवळ असावं, म्हनली. माझं बी तेच मत हाय. पन शब्द मार्चअखेरचा दिलाय, तवर गप.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज तिला येक टोचून इचारलं. यंत्राला गनित तूच सांगितलंस, मग पट्टे आले तर त्यात नवल काय? तूच आनलेस की.

रागावली न्हाय. उलट खूस झाली, हातातलं लाटनं तसंच. म्हनली, मी पट्टे सांगितलेले नाहीत. एका कणाला कुठं पडायला किती वाव आहे तेवढंच सांगितलंय. बाकीचे कुठं पडले ते त्याला माहीत नसतं. आन तिचा निबंध त्याच्यावरच हाय: किती कन पडल्यावर मानसाच्या डोळ्याला पट्टा दिसायला लागतो. दहा पडल्यावर कुनालाच दिसत न्हाय. दोन हजारावर आंधळ्याला बी दिसंल. मधी कुटं?

हे मला पटलं. टेसनावर गर्दी कधी झाली तेबी असंच. येक-येक मानूस येतं, आन कोनाच्या येन्यानं गर्दी झाली ते कुनाला सांगता येत न्हाय.

२७ फेब्रुवारी, सोमवार

संपलं. दोन हजार! एक बी खाडाखोड न्हाय.

सकाळी गठ्ठा लावताना दिसलं, सातवा रकाना सगळ्या कागदांवर कोरा. माथ्यावर इंग्रजीत दार असं लिवलंय. १ न्हायतर २. सोडा म्हनली व्हती, म्हंजी मागनं भरते असं. पन ती कॉलेजात, उद्या पहाटं पुण्याला कंप्युटरकडं जायची तिची गाडी. इसरली असनार. तिला सतरा कामं.

कोरा रकाना ठेवून मी आजवर कागद हातावेगळा केलेला न्हाय. पन्नास साली येकदा लाइन नंबर लिवायचा राहिला, तर साहेबानं सगळ्या केबिनसमोर रजिस्टर फडफडवून दाखवलं. गाडी काय आभाळातनं गेली का, म्हनला. ते अजून कानात हाय.

मग बसलो आन भरलं. एकी-बेकी धरली. शेवटचा आकडा एकी असला तर दार १, बेकी असला तर २. कुनाची बाजू घेतली न्हाय. दुपारचं जेवन बी केलं न्हाय. सांजेला ती आली तवा गठ्ठा दोरीनं बांधून तयार. रकान्याचं सांगितलं न्हाय. सांगायचं काय त्यात, काम ते काम.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

गेली. टेसनावर मीच पोचवली.

३ मार्च, शुक्रवार

दुपारच्या गाडीनं आली. पायातल्या चपला न काढता खाटेवर बसली, तवाच समजलो.

कंप्युटरचा कागद आनलाय. लांबच लांब, घड्या घातलेला, दोन्ही कडंला भोकं. त्यावर यंत्रानं फुल्याफुल्यांचा ढीग काढलाय. येकच ढीग. मधी उंच, बाजूला उतरता, जवारीची रास घालावी तसा. पट्टे न्हायत. एक बी न्हाय.

"काहीतरी चुकलंय, मामा." येवढंच बोलली. यंत्राचा टाइम येकदाच मिळतो म्हनं, मोठमोठी मानसं रांगेत असतात. पोष्टात जाऊन येते म्हनून परत बाहेर पडली. आल्यावर चार घास खाल्ले.

सोनाबाई मला म्हनली, झालं तर मग. मी बी मनात म्हनलं, सुटला गुंता आपोआप.

४ मार्च, शनिवार

कॉलेजातनं आल्यापास्नं ती कागद उलगडून बसलीय. मी जवळ जाऊन बसलो. बघतो तर ढिगाच्या आदी यंत्रानं माझ्या सगळ्या ओळी छापल्यात! माझेच आकडे, छापील. दोन हजार. मला बरं वाटलं. सातव्या जागी १, २, २, १.

सहज इचारलं, हे दाराचं कशाला लागतं?

कागदावरची नजर न काढता सांगितलं. आकडा टाकला की यंत्र धरून चालतं, या कणाला त्या दारातनं जाताना पाहिलंय. पाहिलं की तो साध्या छऱ्यासारखा वागतो, आन दारं इतकी जवळ की दोन्ही ढीग मिसळून येकच होतो. आन कोरा ठेवला तर?

"कोरा म्हणजे यंत्र शून्य समजतं. म्हणजे कुठल्या दारातनं गेला ते कुणालाच माहीत नाही. पट्टे फक्त त्यांचेच होतात."

मी उठलो. न्हानीत जाऊन तोंडावर पानी मारलं.

सोडा म्हनली व्हती. सोडा म्हंजी सोडा!

५ मार्च, रविवार

एकनाथ सुट्टीला आला. वाळलाय. जेवताना सगळ्यांसमोर तिला म्हनला, जमलं न्हाय ना ते? मग सामान बांध, मी रजा काढून न्यायला येतो. ती भाकरी वाढत व्हती. वर न बघता म्हनली, "मामांनी ठरवलंय तसं."

सगळे माझ्याकडं. सोनाबाईचा चेहरा तर सनासारखा.

मी म्हनलं, अजून मार्च संपायचाय. एकनाथ म्हनला, आबा, आता मार्च संपून काय हुनार? मी आमटी मागितली.

६ मार्च, सोमवार

बोललो न्हाय. खरं तर बोलायचं कारन बी न्हाय. गप ऱ्हायलो तर ती वाडीला जाईल, ल्योक घरचं खाईल, बायको सुखी, माझा शब्द बी ऱ्हायला. आन तिला कळनार न्हाय. ती आपली तिच्या गनितात चूक शोधत बसलीय. माझ्यावर तिचा संशय जात न्हाय, कारन माझे आकडे चांगले हायत.

तेच बोचतंय.

आज बी सांजेपत्तूर कागद उलटत व्हती. येकेक पान. चहा ठिऊ का मामा, म्हनली. नको म्हनलं. मला कधी चहा नको झालाय?

७ मार्च, मंगळवार

सांगितलं.

तिनं भरलेले कागद पुण्यावरनं परत आनले व्हते. त्यातला वरचा काढून तिच्याम्होरं ठेवला, सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. हे मी भरलं म्हनलं. तू सोडा म्हनलीस, मला वाटलं मागनं भरनार हायस. कोरं बघवलं न्हाय.

तिनं रकान्यावरनं खालपत्तूर बोट फिरवलं. मग म्हनली, सगळे? सगळे. कसं ठरवलंत? एकी-बेकी.

हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यातनं पानी येईस्तोवर. मला कळंना हसती का रडती. बहुतेक दोन्ही.

"मामा, तुम्ही एकाही कणाला मोकळं सोडलं नाहीत. सगळ्यांची नोंद केलीत. म्हणून पट्टे गेले."

म्हनलं, मी लिवल्यानं काय बिघडतं? मद्रास मेल मेन लायनीवरनं गेली. मी रजिस्टरात लिवली तरी गेली, न्हाय लिवली तरी गेली. लिवल्यानं गाडी रूळ बदलत न्हाय. ती म्हनली, गाडीचं तसंच आहे. पण तिथं खाली, बारीक जगात, तसं नाही. तिथं गेला कुठून हे कळायची नुसती सोय झाली तरी पट्टे पुसले जातात.

हे तूच यंत्राला शिकवलंस, म्हनलं.

"शिकवलं, कारण खरोखर तसंच होतं. बाहेरदेशी मोठ्या लोकांनी करून पाहिलंय. त्यांनाही पटत नव्हतं."

८ मार्च, बुधवार

सकाळपास्नं तेच डोक्यात. सात रस्त्याच्या चौकाकडं किराना आनायला गेलो आन गूळ इसरून आलो. चौकात उभा ऱ्हाऊन बघत व्हतो, कोन कुठल्या रस्त्यानं येतंय, कोन कुठल्या रस्त्यानं जातंय. सायकलवाला, टांगा, बैलगाडी, बाया. हरेकाचा येकच रस्ता. आन ह्या सगळ्यांच्या आत, हाडामासात, सायकलीच्या लोखंडात, त्या बैलाच्या शिंगात तेच कन भरलेत म्हनं, अब्जांनी. ज्यांना रस्ता येक नसतो!

मी एकतीस वर्सं काय लिवत बसलो व्हतो?

१० मार्च, शुक्रवार

सरांनी परत टाइम दिला. १५ तारखेला. येवढ्या लवकर! मी तर धरून चाललो व्हतो पाया पडावं लागंल.

परत दोन हजार ओळी लिवाव्या लागतील म्हनून मी कागद मागितले. नको म्हनली. पुण्यात माझ्या हरेक ओळीचं येक पुठ्ठ्याचं कार्ड केलंय, भोकं पाडून. यंत्र ती भोकं वाचतं. ती कार्डं तशीच ऱ्हानार. तिच्या गनिताच्या कार्डांतलं फकस्त येक बदलायचं. त्यावर लिवलेलं असनार: सातव्या जागी काय बी असू दे, बघू नको.

येक कार्ड! मी येतो म्हनलं. सोनाबाईला वाटलं मी खुळा झालो.

१५ मार्च, बुधवार. पुणे

चपला भाईर काढायला लावल्या, देवळात काढतात तशा. धूळ चालत न्हाय त्याला. आत गार वारं सोडलेलं. मानसापरीस यंत्राचे लाड.

कार्डांची पेटी माझ्यासमोर आली. आत माझे दोन हजार कन, येकाला येक चिकटून. दाक्षायणीनं वरनं येक कार्ड काढलं, नवं घातलं. जुनं माझ्या हातात दिलं. नखाएवढी भोकं बी न्हायत त्याला, तिळाएवढी. वजन काय? सुपारीएवढं न्हाय.

कार्डं गिळायला यंत्राला मिंटं लागली. मग काय न्हाय. नुसती घरघर. चालवनारा पोरगा पान खाल्ल्यासारखा गाल फुगवून उभा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत व्हती, सोडत व्हती.

मग छापायला लागलं. डब्यांची गाडी पुलावरनं गेल्यागत आवाज. कागद वर-वर यायला लागला. आदी माझ्या ओळी. मग फुल्या.

येक रांग लांब. म्होरच्या रांगा आखूड होत गेल्या. मग मोकळं. फुली न्हाय. मग परत वाढल्या, लांब झाल्या. परत आखूड. परत मोकळं! मी बोटानं मोजले. सात पट्टे. मधला दांडगा, दोन्ही अंगाला बारीक होत गेलेले.

तीच कार्डं. तेच आकडे. माझ्याच हातचे, माझ्याच एकी-बेकीसकट. कुनी हलवले न्हायत, कुनी निवडले न्हायत. फकस्त कुटनं गेले ते इचारलं न्हाय.

पट्टे परत पयल्यापास्नं मोजले. सातच.

तिच्याकडं बघितलं तर ती यंत्राकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत व्हती.

१६ मार्च, गुरुवार

यंत्रावर माझा इस्वास न्हाय. फुल्या त्यानं काढल्या, मी न्हाय. म्हनून आज चार ग्राफ कागद चिकटवले, भिंतीला लावले. हरेक कन पडद्यावर कितव्या जागी पडला ते यादीत हाय, १ ते १२०. येकेक घ्यायचा आन पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, वरखाली कुटं बी. माझा हात खोटं बोलनार न्हाय.

पन्नास झाले. काय न्हाय. शाई शिंतडल्यागत.

१७ मार्च, शुक्रवार

दोनशे. काय न्हाय. मला तर वाटतंय पुण्याला काहीतरी हातचलाखी झाली.

येक ठिपका दिला की म्होरचा कुटं पडंल सांगता येत न्हाय. मी मनाशी बोलून बघतो, आता डाव्या अंगाला. पडतो उजव्या अंगाला. हरेकजन आपल्या मर्जीचा. शिपाई न्हाय, शिट्टी न्हाय, सिग्नल न्हाय.

१८ मार्च, शनिवार

दोनशे नव्वदावा ठिपका देत व्हतो. सोनाबाई सैपाकघराच्या दारात जवारी निवडत बसली व्हती. मान वर करून म्हनली, "ही चादरीची किनार कशाला काढताय भिंतीवर?"

मी म्हनलं, कुटं किनार?

"ती काय. उभे पट्टे. आंधळे झाला काय?"

मागं सरकत-सरकत तिच्याजवळ जाऊन उभा ऱ्हायलो. आन दिसलं. जवळनं नुसते ठिपके. लांबनं पट्टे. आत्तापत्तूर काय नव्हतं, आन आता हाय, आन कवा आलं ते मला, ठिपके देनाऱ्याला, ठाव न्हाय!

दाक्षायणी कॉलेजातनं आली तर तिला सांगितलं. तिनं पिशवी खाली टाकली, सोनाबाईला परत बसवलं, कुटं बसला व्हता, कशाकडं बघत व्हता, किती लांबनं, सगळं इचारलं. फूटपट्टीनं अंतर मोजलं. वहीत लिवलं: २९०, सोनाबाई, सात फूट. म्हनली, मला चारशेच्या पुढं वाटलं होतं. माझ्या मनात पट्टे होतेच, म्हणून माझे डोळे चालत नाहीत. आत्याबाईंना काही माहीत नव्हतं, त्यांचेच डोळे खरे.

मग तिनं बोळातल्या बाया, चन्नप्पा, दूधवाला, सगळ्यांना येकेक करून आनलं आन काय दिसतं ते इचारलं. काय दिसायला पाहिजे ते सांगायची मनाई. चन्नप्पा म्हनला, ह्यातनं क्लोज काढता येईल.

२४ मार्च, शुक्रवार

दोन हजार ठिपके पुरे. हात दुखतोय.

खुर्ची टाकून बसलो म्होरं. काळ्या पट्ट्यात चार-पाच ठिपके हायत, चुकार. पुसायचा मोह झाला न्हाय. ते बी आलेच व्हते की कुटनं तरी.

मी चौथी शिकलेला. देवळात जातो, पन डोळे मिटून कधी काय दिसलं न्हाय. हे उघड्या डोळ्यांनी दिसतंय. दोन हजार येकटे, कुनाची कुनाशी गाठ न्हाय, आन तरी सगळ्यांना ठाव हाय कुटं पडायचं न्हाय. हे कुनी सांगितलं त्यांना? दाक्षायणीला इचारलं. म्हनली, ते कुणालाच माहीत नाही, मामा. पुण्याच्या सरांनाही नाही.

ठाव न्हाय असं शिकलेलं मानूस येवढ्या सरळ म्हनतं, हे मी पयल्यांदा ऐकलं.

२ एप्रिल, रविवार

सरांनी निबंध घेतला. दोन्ही कागद त्यात लावायला सांगितलेत, ढिगाचा बी आन पट्ट्यांचा बी. ढीग तर पायजेच म्हनं, त्याच्याबिगर पट्ट्यांना किंमत न्हाय.

एकनाथ आलेला. त्याला मीच बसवलं आन सांगितलं, ती वाडीला येनार न्हाय. तो तापला. आबा, अट तुमची व्हती, म्हनला. म्हनलं, व्हती. घालायला नको व्हती. तिच्या कामातलं मला काय कळत नव्हतं आन मी तारीख ठरवली. वर तिचं काम माझ्याच हातनं बिघडलं, ते बी तुला सांगून टाकतो.

तो बायकोकडं बघायला लागला. ती भांडी लावत व्हती, पाठमोरी.

मग मी इचारलं, तू सोलापूरला बदली मागितलीस कधी? न्हाय मागितली. दोन वर्सांत येकदा बी न्हाय. सोनाबाई मधी म्हनली, अगं बया, म्हंजी हिनंच सगळं सोडायचं व्हय? आमच्या घरात सुनेच्या बाजूनं बोलायचं आता तिचंच उरलं व्हतं.

अर्ज हितंच बसून लिवला. खाडाखोड झाली म्हनून मी दुसऱ्यांदा उतरवून दिला.

११ एप्रिल, मंगळवार

आकड्यांचं पुस्तक लायब्ररीत परत द्यायचं म्हनून झटकलं. आतनं पोष्टकार्ड पडलं. पुण्याच्या सरांचं, दाक्षायणीला, ६ मार्चचं.

"तुमचं ३ तारखेचं पत्र मिळालं. सातवा रकाना नजरचुकीनं तुमच्या स्वतःच्या हातून भरला गेला, हे कळलं. १५ तारखेला या."

तीन तारखेचं! मी सांगितलं सात तारखेला. चार दिवस ती कागद उलटत बसली व्हती, तवाबी तिला ठाव व्हतं.

कार्ड परत पुस्तकात घातलं. पुस्तक तिच्या टेबलावर व्हतं तसं ठेवलं. तीच दिऊन येईल.